दगड उजवीकडे का वळतो

सोमवार, १२ जानेवारी

ब्रिस्बिनचा हुकूम आहे की अकरावीच्या शिक्षकांनी दर आठवड्याला ‘मनोगत’ लिहून द्यायचं. मी दिलं ते असं: ‘उपक्रम चांगला आहे. मुलं उत्सुक आहेत. व्ह. ह्रिचाक.’ खरं काय ते इथे लिहिते. कुठेतरी लिहिलं नाही तर एक दिवस मी कुणाच्या तरी अंगावर गरम कॉफी ओतीन.

ब्रिस्बिन म्हणजे आमचा नवा मुख्याध्यापक. वय माझ्या नोकरीएवढं. शहरातून आलाय, खोलीतही मफलर घालतो. आज शाळा सुटल्यावर त्याने आम्हा सगळ्यांना बसवून ठेवलं. बाहेर उणे पस्तीस, गाड्यांची इंजिनं गोठायला लागलेली, आणि हा पडद्यावर रंगीत चित्रं दाखवतोय. उपक्रमाचं नाव ‘आजन्म विद्यार्थी’. अकरावीच्या प्रत्येक मुलाने एक प्रश्न निवडायचा, ज्याचं उत्तर त्याला माहीत नाही. ईस्टरच्या सुट्टीपर्यंत त्याच्या मागे लागायचं. गुण नाहीत, परीक्षा नाही. आणि शिक्षकाने उत्तर सांगायचं नाही.

मी विचारलं, उत्तर मला माहीत असेल तर?

तो हसून म्हणाला, “तेव्हा तर मुळीच नाही, व्हर्ना.”

सगळे हसले. इतिहासाचा वॉलीसुद्धा डोनटमध्ये तोंड खुपसून हसला. आयुष्यभर विज्ञान शिकवलं मी या गावाला. मला पगार माहीत असण्याचा मिळतो. माहीत नसणारी माणसं गावात फुकट मिळतात.

घरी नवऱ्याला, ओरेस्टला सगळं सांगितलं. तो सूप पीत होता. म्हणाला, “मग आता तू वर्गात करणार काय?” मलाही तेच हवंय कळायला.

बुधवार, १४ जानेवारी

आज मुलांनी प्रश्न आणले. फोनशिवाय माणूस किती दिवस जगतो. कुत्र्याला स्वप्नं पडतात का. एकाने विचारलं की त्याच्या भावाच्या ट्रकचा आवाज एवढा मोठा का येतो. त्याचं उत्तर सगळ्या गावाला ठाऊक आहे, भाऊ गाढव आहे म्हणून.

मागच्या बाकावर ब्रियेल वीब. सतरा वर्षांची, लांब हातांची, कायम खिडकीबाहेर बघणारी. गेल्या वर्षभरात तिने वर्गात तोंड उघडलेलं मला आठवत नाही. आज म्हणाली, “कर्लिंगचा दगड वळतो का?”

पोरं हसली. या गावात चालता येण्याआधी मुलं मूठ लावलेला हा जड, गोल दगड बर्फावरून लांबच्या वर्तुळाकडे ढकलतात. वळतो का म्हणजे काय, वळतोच. ती म्हणाली, “वळतो ते माहितीये. का वळतो?”

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. याचं उत्तर मी दरवर्षी देते. ताबडतोब फळ्यावर चित्र काढलं. वरून दिसणारा दगड, गोल. दगड सोडताना मूठ हलकेच उजवीकडे फिरवली की तो फिरत फिरत पुढे जातो आणि शेवटी शेवटी उजवीकडे वळतो. का? वेग कमी होताना दगडाचा भार पुढच्या कडेवर येतो, ती कड बर्फाला जास्त घासते आणि दगड तिकडे ओढला जातो. बाण काढले, लाल आणि निळे. घंटा व्हायच्या आत प्रश्न संपला. चित्राभोवती चौकट करून ‘पुसू नये’ लिहिलं, म्हणजे इतर वर्गांनाही उपयोग.

दाराच्या काचेतून ब्रिस्बिन बघत होता. त्याचा चेहरा पडलेला. बरं वाटलं.

ब्रियेल “बरं” म्हणाली आणि दप्तर बंद केलं. तिला म्हटलं, आता दुसरा एखादा प्रश्न शोध.

सोमवार, १९ जानेवारी

ओरेस्ट सकाळ-संध्याकाळ शाळेची बस चालवतो, त्यामुळे गावातली प्रत्येक बातमी आमच्या घरी पहिली येते. आजची अशी की ब्रियेल वीब शाळा सोडणार. एप्रिलपासून धान्याच्या कोठारावर वजनकाट्याची नोकरी. बापानेच लावून दिली.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. बारावीला एकच वर्ष उरलंय. या मुलीत काहीतरी आहे. काय आहे ते मला अजून सांगता येत नाही, पण इतकी वर्षं मुलं बघितल्यावर वास येतो. परवा तिने तो प्रश्न विचारला तेव्हा आलाच होता.

संध्याकाळी पेट्रोल पंपावर तिचा बाप भेटला. ड्वाइट वीब, धान्याचा ट्रक चालवतो. तोही माझाच विद्यार्थी. मी त्याला तिथेच गाठलं. तोंडातून वाफ निघत होती, हाताचं नोजल त्याने सोडलं नाही. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला की पोरगी शाळेत नुसती बसून असते, बसायचंच तर काट्यावर बसेल. मी म्हटलं, तू माझ्या वर्गात होतास, तुला माहितीये मी मुलांसाठी काय करते.

“माहितीये ना, बाई,” तो म्हणाला. “तुमच्या वर्गात मी एकदाच प्रश्न विचारला. मग कधी नाही विचारला.”

तेव्हा वर्गाला शिस्त होती, हे त्यालाही आठवतंय तर. पण त्याने विषय वाढवला नाही. टोपी खाली ओढली आणि ट्रकमध्ये चढला.

आज ठरवलं. ही मुलगी बारावी होणार. ब्रिस्बिनच्या रंगीत चित्रांनी नव्हे, माझ्या शिकवण्याने.

गुरुवार, २९ जानेवारी

आज जे झालं ते लिहायचीसुद्धा इच्छा नाही.

मधल्या सुट्टीत ब्रियेल प्रयोगशाळेत आली. हातात उपाहारगृहातला काचेचा ग्लास. म्हणाली, “बाई, एक दाखवू?” माझं अर्धं सँडविच राहिलं होतं, तरी म्हटलं दाखव. तिने ग्लास टेबलावर उलटा ठेवला, मूठ उजवीकडे फिरवून ढकलला. ग्लास फिरत फिरत गेला आणि डावीकडे वळला. तिने पुन्हा केलं. पुन्हा डावीकडे. मग डावीकडे फिरवला, तर तो उजवीकडे गेला.

“तुमच्या चित्रासारखं पुढची कड जास्त घासली ना, तर हे होतं,” ती म्हणाली. “पुढची कड उजवीकडे चाललेली असते, घासणं तिला उलट ढकलणार. म्हणजे डावीकडे. ग्लास तसाच जातो. दगड उलटा जातो.”

मी म्हटलं, टेबल म्हणजे बर्फ नाही.

“तेच ना. मग बर्फावर काय वेगळं होतं?”

तिचे डोळे इतके रोखलेले होते की मला उद्धटपणाच वाटला. मी सांगितलं की हा भाग पुढच्या वर्षी भौतिकशास्त्रात येईल, तेव्हा नीट समजेल. ती म्हणाली, पुढच्या वर्षी मी नसणारे. मी म्हटलं, मग तर आधी आत्ताचा अभ्यास पूर्ण कर. ग्लास उपाहारगृहाचा होता, तो मी ठेवून घेतला. शाळेच्या वस्तू अशा उचलून आणायच्या नसतात.

घरी आल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर करून बघितलं. पाण्याचा ग्लास, ज्यूसचा ग्लास, ओरेस्टच्या आईकडून आलेले छोटे वोडकाचे प्याले. सगळे चुकीच्या बाजूला जातात. एक फुटला. ओरेस्ट आला, त्याने काचा गोळा केल्या. एवढंच म्हणाला की जेवताना पाणी वाडग्यांतून पिऊ.

टेबल समतल नसावं.

रविवार, ८ फेब्रुवारी

कर्लिंगच्या रिंकवर आज आमच्या बायकांच्या संघाचा सामना मुलींच्या संघाशी होता. त्यांच्यात ब्रियेल. खेळते छान, हे मान्य करायला हवं.

शेवटच्या डावात त्यांचा दगड थेट वर्तुळाच्या मध्यावर येत होता. तो थांबला असता तर त्या जिंकत होत्या. तो मध्येच अडू नये म्हणून ब्रियेल त्याच्या पुढे झाडूने बर्फ घासत चालली होती. एकदम ती थांबली, हात वर केला आणि म्हणाली, “लागला माझा झाडू.” कुणीही पाहिलं नव्हतं. मी समोर उभी होते, मलाही दिसलं नव्हतं. तिने वाकून दगड स्वतःच बाजूला काढला आणि त्या हरल्या. आमच्या खेळात पंच नसतो. ज्याचा झाडू दगडाला लागतो तो स्वतः सांगतो, आणि तो दगड बाद होतो. न सांगणाऱ्याशी या गावात पुढे कुणी खेळत नाही, जेवायलाही बोलावत नाही. अभिमान वाटला मला. हे कुठल्या उपक्रमाने नाही शिकवलं, या गावाने शिकवलं.

नंतर रिवाजाप्रमाणे जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांना पाजायचं. काचेमागच्या गरम खोलीत मी मुलींना हॉट चॉकलेट दिलं. चांगल्या गप्पा चालल्या होत्या. मध्येच ब्रियेल कपावरून बघत म्हणाली, “बाई, ते फळ्यावरचं चित्र अजून आहे. पुसू का उद्या?”

सगळ्यांसमोर. माझ्या संघातल्या बायका आपापल्या कपात बघायला लागल्या. मी म्हटलं, मी सांगेन तेव्हा. तिने मान हलवली आणि बाहेर बर्फाकडे बघत बसली.

घरी येईपर्यंत मी धुमसत होते. गाडीत ओरेस्ट म्हणाला, “पोरीने नुसतं विचारलं.” मी म्हटलं, तू रस्त्याकडे बघ.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

सुट्टीचा आठवडा. लोक मेक्सिकोला जाऊन उन्हाने लाल होऊन येतात. मी या दगडात घालवला.

तीन पुस्तकं काढली. एकात माझंच चित्र आहे, अगदी तेच बाण. दुसऱ्यात उलटं आहे. म्हणे पुढच्या कडेखाली बर्फ किंचित वितळतो, तिथे घासणं कमी होतं, म्हणून मागची कड जोर करते. तिसऱ्यात भलतंच, दगड बर्फावर बारीक ओरखडे पाडतो आणि त्या ओरखड्यांवरून वळतो. शेवटी विद्यापीठात फोन केला. भौतिकशास्त्राचे एक प्राध्यापक भेटले, गोड बोलणारे. म्हणाले, “छान प्रश्न आहे. आमच्यात यावरून अजून भांडणं चाललीयेत. पक्कं कुणालाच माहीत नाही.”

आणि हसले. हसले. एवढी मोठी विद्यापीठं, एवढी यंत्रं, आणि आमच्या गावातली पाच वर्षांची मुलं जो दगड ढकलतात तो का वळतो ते यांना माहीत नाही. मी फोन आपटला. तो आपटण्यासारखा फोन नाही हे नंतर कळलं. काच तडकली.

ब्रियेलला हे सांगायचं नाही असं ठरवलं. काठावर उभ्या असलेल्या मुलीला ‘कुणालाच माहीत नाही’ म्हणून सांगितलं तर ती म्हणेल, मग शाळेत येऊन उपयोग काय? तिला पायाखाली काहीतरी घट्ट हवं. एक पूर्ण झालेली गोष्ट, जिच्यावर तिचं नाव आहे. ती बापाला दिसली की बापही वळेल.

ओरेस्ट म्हणाला, “सांगून तर बघ.” बस चालवणाऱ्यांना सगळं सोपं वाटतं.

मंगळवार, ३ मार्च

पुढच्या आठवड्यात पालकांची संध्याकाळ. प्रत्येक मुलाने आपल्या प्रश्नाचा पुठ्ठ्याचा फलक मांडायचा. ब्रियेलकडे काय तयार आहे? काही नाही. ‘बघतेय अजून’ म्हणते. रोज शाळा सुटल्यावर रिंकवर जाते म्हणे, दगड उलटे करून त्यांच्या बुडाला हात लावून बघते. ब्रिस्बिनला हे ऐकून भरून आलं. त्याला कशानेही भरून येतं.

मी तिला म्हटलं, फलक मी करून देते, तू फक्त उभी राहा. ती म्हणाली, नको, बाई. मी म्हटलं, मुली, रिकाम्या टेबलापाशी उभी राहणार आहेस का सगळ्या गावासमोर? ती गप्प बसली. गप्प बसणं म्हणजे हो.

रविवारचा दिवस घालवून फलक केला. आधी माझंच चित्र काढणार होते, मग त्या वितळण्याच्या स्पष्टीकरणाचं काढलं. तीन पुस्तकांत त्यातल्या त्यात ते बरं दिसतं. शीर्षक निळ्या अक्षरांत, खाली ‘निष्कर्ष’ अशी चौकट, त्याखाली तिचं नाव. वर्गातल्या कुठल्याही मुलाला जमणार नाही इतका सुरेख झालाय.

शुक्रवार, १३ मार्च

काल संध्याकाळचं आज लिहितेय. 

व्यायामशाळेत टेबलं मांडली होती. सगळं गाव आलं होतं, शिक्षण मंडळाचे लोकही. ब्रियेल फलकाशेजारी उभी, हात पाठीमागे. ड्वाइट कामाच्या कपड्यांतच आलेला, फलकाकडे बराच वेळ बघत होता. मी मनात म्हटलं, बघ, बघ नीट.

मंडळाच्या बाई आल्या, उंच, गळ्यात मोत्यांची माळ. त्यांनी फलक वाचला, वा म्हणाल्या, आणि ब्रियेलला विचारलं की हा निष्कर्ष तू कसा काढलास.

ब्रियेलने हात वर केला. अगदी रिंकवर करते तसा.

“हे माझं नाही,” ती म्हणाली. “हे बाईंनी केलंय. मला माहीत नाही दगड का वळतो.”

 त्या मोत्यांच्या बाई माझ्याकडे बघायला लागल्या. ब्रिस्बिन धावत आला आणि काय म्हणाला असेल? म्हणाला, ‘माहीत नाही’ हेच तर सगळ्यात सुंदर उत्तर आहे. त्याच्या मफलरला धरून ओढावंसं वाटलं.

मग मी बोलले. बोलायला नको होतं असं ओरेस्टचं मत आहे. मी म्हटलं की या मुलीसाठी मी सुट्टी घालवली, रविवार घालवला, आणि हिला साधं उभं राहता येत नाही. म्हटलं, वजनकाट्यावर जा, तिथे आकडे आपोआप येतात, डोकं लागत नाही. हे शब्द बापासमोर आणि गावासमोर माझ्या तोंडून गेले.

ब्रियेल रडली असती तर बरं झालं असतं. ती माझ्याकडे बघत राहिली, टेबलावर ग्लास सरकवला तेव्हा त्याच्याकडे बघत होती तशी, काय होतंय ते बघावं तशी. ड्वाइटने तिचा कोट घेतला. म्हणाला, “चल गं.” दोघं गेली. फलक तिथेच राहिला.

कृतघ्नपणा कशाला म्हणतात ते काल कळलं.

सोमवार, १६ मार्च

मागचा बाक रिकामा. एप्रिलची वाटसुद्धा बघितली नाही. ओरेस्टने सांगितलं, सकाळी वीबांच्या फाटकापाशी बस थांबवली, कुणी आलं नाही, जरा थांबला, मग निघाला.

ब्रिस्बिनच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. त्याला सांगितलं की हे तुझ्या उपक्रमाचं फळ. मुलांना शेंडा-बुडखा नसलेले प्रश्न देतोस, उत्तर द्यायला मनाई करतोस, मग मुलं गळणार नाहीत तर काय? गुण असते तर ती त्यांच्यासाठी तरी थांबली असती. तो ऐकत होता. या माणसाला भांडताही येत नाही. शेवटी म्हणाला, “व्हर्ना, तुझ्या वर्गातल्या सगळ्या मुलांत खरा प्रश्न तिचाच होता.”

मी म्हटलं, आणि उत्तर एकट्या मीच दिलं.

“हो,” तो म्हणाला.

मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. बाहेर येऊन विनाकारण एका मुलावर ओरडले, बूट ओले का म्हणून. मार्चमध्ये बूट ओलेच असतात.

शुक्रवार, २७ मार्च

आता हे ऐका. ब्रियेल वीब रोज सकाळी कामावर जायच्या आधी रिंकवर असते. ओरेस्ट बस गरम करायला तिथूनच जातो, त्याने दिवे लागलेले बघितले. तिला किल्ली दिलीये क्लबने. दगड सोडते, गुडघ्यांवर बसून बर्फ बघते, बर्फावर पीठ भुरभुरते, पुन्हा सोडते. एका दगडाचं बूड सँडपेपरने घासून खरखरीत केलंय, दुसरा गुळगुळीत. ओरेस्टला विचारत होती की बसची चाकं घसरतात तेव्हा पुढची आधी घसरतात की मागची.

मला समजत नाही. शाळेत असताना ही मुलगी फळ्यावरची तारीख उतरवून घ्यायची नाही. आता गुण नाहीत, दाखला नाही, बघणारं कुणी नाही, थंडीत बोटं सुजत असतील, आणि ही पहाटे उठून जाते. कशासाठी? मला विचाराल तर हा मला दिलेला टोमणा आहे. तिला दाखवायचंय की माझ्यावाचून तिचं अडत नाही.

वर्गात आज घनता शिकवली. उत्तम झाला तास. कुणीही काही विचारलं नाही.

गुरुवार, २ एप्रिल

सोमवारी रिंकचं यंत्र बंद करणार, बर्फ काढणार. म्हणजे पुढच्या हिवाळ्यापर्यंत दगड नाहीत. हे ओरेस्टने मला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा का सांगतोस म्हणून मी त्याच्यावर खेकसले.

उद्या शाळेला सुट्टी आहे. जाऊन तिला चांगलं सुनावणार. परत प्रवेशाचा अर्ज भरायचा असेल तर अजून मुदत आहे.

शनिवार, ४ एप्रिल

काल रिंकवर गेले. ईस्टरच्या पावाचं पीठ तसंच टाकून आज हे लिहायला बसलेय, कारण काल नक्की काय झालं ते मला समजून घ्यायचंय.

ब्रियेल बर्फाच्या चौथ्या पट्टीवर होती. मला बघून उठली नाही. माझं सगळं तयार होतं, येताना गाडीत म्हणून बघितलं होतं. बारावी, मुदत, बापाशी मी बोलते, झालं गेलं विसरू. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, शाळेत नाही येणार, बाई. रागात नाही म्हणाली. दुकानात एखादी वस्तू नाही म्हणून सांगतात तसं.

मला इतका राग आला की जे सांगायचं नाही असं ठरवलं होतं तेच तोंडून गेलं. म्हटलं, मग घास गुडघे बर्फावर. तुला काय वाटतं, उत्तर मिळणारे? विद्यापीठातल्या लोकांनाही माहीत नाही. वर्षानुवर्षं भांडतायत. पृथ्वीवर कुणालाच माहीत नाही.

मला वाटलं ती कोसळेल. घाव घालायलाच तर वापरलं होतं मी हे.

ती उभी राहिली. “कुणालाच?” म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी माझ्या वर्गात कधी बघितलेलं नाही. तोंड उघडं, हसतेय की काय कळेना. तिने हातातल्या झाडूने दगडाला हळूच टकटक केलं, जिवंत आहे का बघावं तसं. “म्हणजे मी मूर्ख नाही,” म्हणाली. “मला वाटायचं सगळ्यांना माहितीये आणि मलाच कळत नाही.”

मग ते हसू गेलं.

“तुम्हाला केव्हा कळलं हे?”

फेब्रुवारीत, म्हटलं.

“फेब्रुवारीत.” तिने तो शब्द सावकाश म्हटला. “तेव्हा सांगितलं असतंत ना बाई, तर मी राहिले असते.”

माझ्यापाशी यावर पुष्कळ उत्तरं होती. तुझ्या भल्यासाठी, तुझा आत्मविश्वास, तुझं वय. मी कोटाची बटणं लावली. 

ती खाली बसली, मूठ फिरवली आणि दगड सोडला. तो घोंघावत लांब गेला, मंदावला, आणि शेवटी उजवीकडे वळला. नेहमीसारखा. लहानपणापासून मी असे किती दगड बघितले असतील. काल प्रथम मला त्याचा संताप आला. का वळतोय हा? कुणाच्या परवानगीने?

“तुम्हाला काय वाटतं?” ब्रियेल म्हणाली.

इतक्या वर्षांत मुलांनी मला बरोबर काय ते विचारलं, परीक्षेला काय येणार ते विचारलं. मला काय वाटतं हे कुणी विचारलेलं नाही. मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की मला काही वाटतच नव्हतं. मला फक्त माहीत होतं. आणि तेही चुकीचं. आता हे लिहितानाही कान तापलेत.

मी कोट काढून बाकावर टाकला. लांबच्या टोकाला जाऊन गुडघ्यांवर बसले. माझे गुडघे तिच्यासारखे नाहीत, उठताना कुणाला तरी ओढावं लागणार होतं. गाल बर्फाजवळ नेला, म्हणजे येणाऱ्या दगडाची पुढची कड दिसेल.

तिथून ओरडून तिला सांगितलं, “पुन्हा टाक.”

तिने टाकला. मला काही दिसलं नाही. म्हटलं, पुन्हा.